नांगर न घालता हरणांचं कुरण: उठून गेलेल्या गावाच्या वीस हेक्टर शेतीचं प्रकरण

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातलं गाव बाहेर वसलं की मागे काय उरतं? पडकी घरं, विहिरी, चिंचेची-मोहाची झाडं आणि कित्येक पिढ्या नांगरलेली शेतजमीन. ताडोबात बोटेझरी, नवेगाव, जामनी अशी गावं बाहेर गेली. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड यांच्यापासून हा क्रम सुरू झाला. ग्रामसभेची संमती, वनहक्कांचा निपटारा आणि कुटुंबामागे मिळणारी रक्कम (२००८ पासून १० लाख, २०२१ पासून १५ लाख रुपये) हे विषय स्वतंत्रपणे लिहायचे आहेत. इथला प्रश्न त्यानंतरचा आहे. लोकांनी एवढी मोठी किंमत मोजून सोडलेली जमीन पुढच्या दोन पावसाळ्यांत तरोट्याने आणि रानतुळशीने भरून जाणार असेल, तर चितळाला तिचा काही उपयोग नाही.

हिशेब स्पष्ट राहावा म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या अशा गावांच्या जमिनीशी मिळताजुळता २० हेक्टरचा एक तुकडा नमुन्यादाखल धरला आहे. त्यात ८ हेक्टर धानाच्या बांध्या, ६ हेक्टर कापूस-सोयाबीन-तुरीची कोरडवाहू काळी जमीन, ४ हेक्टर बरड आणि २ हेक्टर गावठाण. पाऊस साधारण १२०० मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. चोहीकडे सागवान आणि बांबूचं मिश्र जंगल. शेवटचं पीक निघून एक उन्हाळा गेला आहे.

पहिला मोह ट्रॅक्टरचा

अशा जागेवर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे ट्रॅक्टर बोलवा, आडवी-उभी नांगरट करा, वखर फिरवा आणि गवताचं बी फेका. दोन-तीन दिवसांत जमीन काळीभोर, स्वच्छ दिसते, फोटो चांगला येतो. ऑगस्टमध्ये त्याच जमिनीवर कमरेएवढा तरोटा उभा असतो.

कारण जमिनीतच आहे. तरोट्याच्या बियाचं कवच इतकं टणक असतं की ते मातीत वर्षानुवर्षं जिवंत पडून राहतं. शेत चालू होतं तेव्हा धुऱ्यावर, वाटेवर, गोठ्यामागे दरवर्षी बी गळत होतं आणि नांगर ते खाली-वर करत होता. नांगरट बंद केली की वरच्या बोटभर थरातलं बी उगवून संपत जातं आणि खोलचं बी खालीच अडकतं. पुन्हा नांगर घातला की खालचा साठा उजेडात येतो, कवचाला ओरखडे पडतात, पाऊस मिळतो. म्हणजे त्या नांगरटीने पेरणी तणाचीच होते. गाजरगवताचं आणि रानतुळशीचं बी बारीक असतं, त्यामुळे त्याला तर वरच्या थरात आणल्याशिवाय उगवताच येत नाही.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. चितळाला लागणारी चांगली गवतं बहुवर्षायू आहेत. मारवेल, पवन्या (काही भागात शेडा), डोंगरी यांची ठोंबं धुऱ्यावर, बांधावर, दगडाच्या कडेला शेतकऱ्याच्या नांगरापासून वाचलेली असतात. पडीक ठेवलेल्या शेतात ती एक-एक हात आत सरकू लागतात. त्या कोवळ्या ठोंबांवर नांगर फिरला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय उतारावरची मोकळी काळी माती जूनच्या पहिल्या दोन झडींत नाल्यात जाते.

त्यामुळे या प्रकरणातली सगळी आखणी एका गोष्टीवर उभी आहे: तीन पावसाळे तणाला बी धरू द्यायचं नाही आणि धुऱ्यावरच्या गवताला आत यायला मदत करायची. बी, ठोंब, बी घातलेल्या मातीच्या गोळ्या हे सगळं त्यानंतर.

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी शिकारी लोक नांगर न घालता चाऱ्याचे तुकडे करतात, त्याची पद्धत इथे उचलून आणता येत नाही. तिथे उभ्या तणातच राय आणि क्लोव्हरचं बी फेकतात, ग्लायफोसेट फवारतात आणि वाळलेलं तण कापून बियांवर पांघरूण करतात. चारा हवा असतो शिकारीच्या हंगामात, आणि पीक एका वर्षाचं चालतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, जागा संरक्षित आहे, आणि गवत टिकाऊ व स्थानिकच हवं. ग्लायफोसेटचा वापर केंद्राने २०२२ मध्ये परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे. वाघाच्या गाभ्यात, पाणवठ्यांच्या काठावर तर तणनाशकाचा विचारही नको. त्यांच्याकडून घ्यायचं ते एकच. कापलेलं तण जमिनीवर पांघरूण म्हणून राहू द्यायचं.

बियांच्या आधीची कामं

उघड्या विहिरी सगळ्यात आधी. जमिनीलगत तोंड असलेली शेतविहीर उंच गवतात दिसत नाही; रात्री पळणारं चितळ, कधी बिबट्या, कधी रानगवा तिच्यात पडतो. प्रत्येक विहीर मोजून बुजवावी किंवा छातीएवढा कठडा बांधून वर जाळी टाकावी. कुंपणाच्या तारा, पंपाच्या केबल, ठिबकच्या नळ्या, कीटकनाशकांचे डबे, फुटक्या बाटल्या उचलून प्रकल्पाबाहेर न्याव्यात. काटेरी तारेचं भेंडोळं गवतात राहिलं तर ते पुढे वर्षानुवर्षं पाय अडकवत राहतं.

झाडं मात्र ठेवायची. धुऱ्यावरची बोर, मोह, पळस, आवळा यांची फळं-फुलं उन्हाळ्यात चितळाच्या पोटात जातात, आणि उन्हाळा हाच टंचाईचा काळ. पळस आणि बोरीची नवी रोपटी मात्र शेतात घुसू द्यायची नाहीत. गुडघ्याएवढी असताना ओल्या जमिनीतून ती निघतात, पुढे टिकावाशिवाय निघत नाहीत, आणि पाच-सात वर्षं दुर्लक्ष झालं तर कुरणाची झुडपी होते.

धानाच्या बांध्यांचे बांध फोडण्याची सूचना बरेचदा येते. ती मान्य करू नये. बांधीत पाणी मुरतं आणि कोरडवाहू शेतातलं गवत पिवळं पडल्यावरही डिसेंबर-जानेवारीपर्यंत तिथे हिरवं राहतं. ८ हेक्टरांतल्या साधारण निम्म्या बांध्या जशाच्या तशा ठेवाव्यात. उरलेल्या निम्म्यांच्या बांधाला उताराच्या बाजूने हातभर रुंद फट पाडावी, म्हणजे मारवेलाचं बी आणि ठोंबं साचलेल्या पाण्यात कुजणार नाहीत. असं केल्याने एकाच पट्ट्यात दोन वेगवेगळ्या वेळी हिरवा होणारा चारा मिळतो.

पहिला पावसाळा: फक्त निंदण

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो आणि सगळीकडे एकदम तरोट्याची दोन पानं दिसू लागतात. लगेच हात लावायचा नाही. त्या वेळी उपटलं तर आठ दिवसांत दुसरी फळी उगवते. रोप वीतभर-दीड वीत झालं, जमीन पूर्ण भिजली आणि फूल अजून आलं नाही, तो काळ धरायचा. साधारण १५ जुलै ते ऑगस्टअखेर. मुळासकट, बुडाशी धरून, सरळ वर.

दाट तरोट्यात एका माणसाचं दिवसाचं काम सुरुवातीला तीन आर धरावं. म्हणजे हेक्टरी ३० ते ३५ मनुष्यदिवस, आणि १४ हेक्टर शेतीला ४२० ते ४९० मनुष्यदिवस. २५ माणसं असतील तर २० दिवस. झडीचे दिवस धरले तर महिना. ज्या अंदाजपत्रकात हा आकडा बसत नाही, तिथे क्षेत्र कमी करावं, फेऱ्या कमी करू नयेत. १४ हेक्टर एकदा निंदण्यापेक्षा ७ हेक्टर दोनदा निंदलेलं कितीतरी चांगलं.

दुसरी फेरी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. यातच बहुतेक ठिकाणी काम फसतं. पैसे जुलैत खर्च झालेले असतात, शेत वरून स्वच्छ दिसतं, आणि गवताच्या आड उशिरा उगवलेली रानतुळस निवांत फुलते. पहिल्या फेरीत सुटलेलं एकेक झाड हजारो बिया टाकतं आणि जुलैची मेहनत वाया जाते. हेक्टरी १० ते १२ मनुष्यदिवस या फेरीसाठी वेगळे बांधून ठेवावेत.

उपटण्यानेही माती उकरली जाते, हे लक्षात ठेवलं पाहिजे. विरळ तणात उपटणं योग्य, पण जिथे तरोटा इतका दाट आहे की पाऊल ठेवायला जागा नाही, तिथे सगळं उपटलं तर जमीन नांगरल्यासारखीच मोकळी होते. अशा जागी तरोट्याला पहिली फुलं दिसू लागली की विळ्याने अगदी जमिनीलगत, सगळ्यात खालच्या फांदीच्याही खालून कापावं. लवकर कापला किंवा वीतभर खुंट ठेवून कापला तर तो बाजूने फुटून पुन्हा फुलतो. रानतुळशीचा खुंटही तसाच फुटतो, म्हणून ती उपटलेलीच बरी.

उपटलेलं तण बी नसेल तर तिथेच पसरावं. त्याने माती झाकली जाते आणि ओल टिकते. शेंगा धरल्या असतील, हिरव्या असल्या तरी, तर तिथे टाकू नये. कापलेल्या झाडावरही शेंग पिकते. असा माल पोत्यांत भरून गावठाणातल्या एकाच खड्ड्यात न्यावा. नाल्यात किंवा तळ्याच्या काठावर ढीग घालू नये, कारण पुढच्या पुरात तेच बी खालच्या कुरणात पोचतं.

गाजरगवताबद्दल एक वेगळी सूचना. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आता गावठाण आणि जुन्या रस्त्याच्या कडेला हमखास असतं. ते फुलण्याआधी हातमोजे घालून उपटावं. अंगाला खाज आणि दमा होणाऱ्या माणसाला या कामावर लावू नये. १९८४ पासून सोडला गेलेला झायगोग्रामा भुंगा पावसाळ्यात त्याची पानं खातो, तो दिसला तर त्याला राहू द्यावं. गंमत अशी की दाट तरोटा गाजरगवताला दाबून ठेवतो. म्हणून गावठाणात दोन्ही तणं एकत्र असतील तर आधी गाजरगवत काढावं आणि तरोटा पुढच्या फेरीला ठेवावा.

कामाच्या सुरक्षिततेवर थोडं सविस्तर लिहायला हवं. वाकून किंवा उकिडवा बसलेला माणूस उंच गवतात वाघाला माणूस म्हणून दिसत नाही, चितळासारखं सावज वाटतो. त्यामुळे निंदण सकाळी आठनंतर सुरू करून चारच्या आत संपवावं, सगळे एका ओळीत असावेत, दोन्ही टोकांना आणि मागे उभं राहून पाहणारी माणसं असावीत आणि त्यांना दुसरं काहीही काम देऊ नये. कामाला लागण्याआधी पूर्ण पट्ट्यातून आवाज करत एक फेरी मारावी. ताज्या शिकारीचा वास किंवा कावळ्यांची गर्दी दिसली तर त्या दिवशी तो पट्टा सोडावा. साप-विंचवासाठी गमबूट लागतातच.

बी कुठून आणायचं

बाजारात चाऱ्याचं बी सहज मिळतं: संकरित नेपियर, स्टायलो, पॅरा गवत. गोठ्यासाठी ती चांगली असतील, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात ती नकोत. ओल्या बांधीत पॅरा गवत शिरलं तर बाकी सगळं दाबून टाकतं आणि मग ते काढणं तरोट्याहून अवघड.

बी जवळच असतं. पहिल्या पावसाळ्यात निंदण चालू असतानाच धुऱ्यांचा नकाशा काढावा: कुठल्या धुऱ्यावर मारवेल, कुठे पवन्या, कुठे हरळी, कुठे कुंदा. या कामाला त्या गावातून उठून गेलेली माणसंच लागतात. कुठल्या बांधावरचं गवत बैल आधी खायचे, कुठे पाणी थांबतं, कुठल्या कोपऱ्यात हळदीएवढं जाड कुंद्याचं मूळ लागायचं, हे त्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढं कुठल्याही उपग्रह नकाशात नाही. त्यांना या कामावर रोजी देऊन बोलावणं हे न्यायाचंही आहे आणि फायद्याचंही. मेळघाटात प्रा. गजानन मुरतकर यांच्यासारखे गवताचे जाणकार वनमजुरांना गवत ओळखायला शिकवत आले आहेत, त्यामागचं कारणही हेच: गवत ओळखता आलं नाही तर निंदणारा हात मारवेलही उपटतो.

मारवेल आणि पवन्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकतं आणि पिकेल तसं वरून गळत जातं, म्हणून चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन वेळा हाताने ओरबाडून घ्यावं लागतं. ताजं बी उगवत नाही. त्याला काही महिन्यांची सुप्तावस्था असते. सावलीत वाळवून सुती पोत्यात, जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवलं की पुढच्या जूनपर्यंत ते तयार होतं. मे महिन्यात परीक्षा घ्यावी: १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत, रोज पाणी शिंपडावं, चौदा दिवसांनी मोजावं. ३० च्या वर उगवले तर रानगवतासाठी चांगलं. २० च्या खाली आले तर बियांचं प्रमाण दुप्पट करावं.

ज्या धुऱ्यावर चांगलं गवत आहे पण बी ओरबाडायला माणसं नाहीत, तिथे गवत बीसकट कापून पेंढ्या बांधाव्यात आणि कोरड्या ठेवाव्यात. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला त्या पेंढ्या निंदलेल्या जमिनीवर विरळ पसराव्यात, खालची माती इथे-तिथे दिसेल इतक्याच. बीही पडतं आणि पांघरूणही होतं. थर जाड झाला तर खालचं रोप उजेडाविना मरतं. कापताना तरोट्याच्या शेंगा पेंढीत येऊ नयेत याची काळजी घ्यावी.

दुसरा पावसाळा: गोळ्या आणि ठोंबं

गवताचं बी हलकं, केसाळ, वाऱ्याने उडणारं. ते नुसतं फेकलं तर मुंग्या आणि पक्षी बरंचसं नेतात. म्हणून गोळ्या. मापाने एक भाग बी, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, तीन भाग चाळलेली पोयट्याची किंवा वारुळाची माती, एक भाग बारीक वाळू. पाणी इतकंच की मूठ वळली तर टिकावी. हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून सावलीत दोन दिवस वाळवाव्यात. दोन-चार गोळ्या फोडून प्रत्येकीत दोन-तीन दाणे आहेत ना, हे पाहावं. ताजं शेण वापरू नये. त्यात तरोट्याचं आणि विलायती बाभळीचं बी येतं, आणि गावच्या गुरांचे आजार जंगलातल्या खुरवाल्या जनावरांपर्यंत नेण्याचा धोका कशाला पत्करायचा?

६ हेक्टर कोरडवाहू शेतीला हेक्टरी ६ किलो धरून ३६ किलो बी. वेळेचा नियम काळ्या जमिनीत फार कडक आहे. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगा असताना गोळ्या टाकल्या तर त्या वीतभर खाली जातात, आणि गवताचं बी अर्ध्या-एक सेंटीमीटरपेक्षा जास्त खोलीवरून वर येऊ शकत नाही. दोन चांगले पाऊस होऊन भेगा मिटल्या की दुसऱ्याच दिवशी गोळ्या फेकाव्यात. फेकल्यावर झाडाची फांदी ओढणं, वखर फिरवणं काहीही करायचं नाही.

ठोंबांची तयारी पहिल्याच पावसाळ्यात झालेली असावी. वनपरिक्षेत्राच्या रोपवाटिकेत ५ आर जागेवर ५० × ५० सेंटीमीटरवर मारवेल आणि पवन्या लावले तर २,००० ठोंबं बसतात. वर्षभरात एकेक ठोंब फुगून १२ ते १५ तुकडे देतं, म्हणजे २४,००० ते ३०,००० लावणीजोगी रोपं. धुऱ्यावरची ठोंबं उपटून हे काम करू नये. तीच तर आपली जिवंत बँक, तिथून ठोंबाचा तिसरा हिस्सा, तोही फक्त रोपवाटिका सुरू करण्यापुरता घ्यावा.

पूर्ण शेतभर लावणी करायची गरज नाही. ५० × ५० वर हेक्टरी ४०,००० ठोंबं लागतील आणि तेवढी मजुरी कुणालाच परवडत नाही. धुऱ्याला समांतर २ मीटर रुंद पट्टे, दोन पट्ट्यांच्या मध्यांतलं अंतर २० मीटर. म्हणजे हेक्टरी पाच पट्टे, १,००० चौरस मीटर, ४,००० ठोंबं. ६ हेक्टरला २४,०००. पट्ट्यांमध्ये गोळ्या पडलेल्या असतातच, आणि पट्ट्यातलं गवत तिसऱ्या वर्षापासून स्वतःचं बी दोन्ही बाजूंना टाकू लागतं.

लावणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. पाती वीतभर ठेवून वरून छाटायची, तीन-चार फुटव्यांचा तुकडा, मुळं ओल्या गोणपाटात. सब्बलीने बोटभर खोल भोक, त्यात ठोंब, टाचेने घट्ट. माती एवढीच हलवायची. पोकळी राहिली तर मूळ सुकतं, आणि हे बाहेरून कळत नाही. दर पट्ट्यात दोन-चार ठोंबं हलकेच ओढून बघावीत. हातात आली तर तो पट्टा पुन्हा दाबून घ्यावा.

खत द्यायचं नाही. नत्राने आधी तण फोफावतं. रानतूर आणि अशाच जंगली शेंगवर्गीय वेली धुऱ्यावर असतात, त्या वाढू दिल्या की पुरे.

चितळच कुरण संपवतं, ते कसं टाळायचं

कोवळं हिरवं दिसलं की चितळ येणारच. नुकतं लावलेलं ठोंब ते खातं तेव्हा पात्यासकट मूळही उपटून येतं. म्हणून लावलेल्या पट्ट्यांवर लावणीच्या पावसाळाभर बोर-बाभळीच्या काटेरी फांद्या विरळ आडव्या टाकाव्यात. ऑक्टोबरपर्यंत मूळ धरलं की काढून घ्याव्यात.

पण खरा बचाव क्षेत्रफळात आहे. ५० किलोचं चितळ दिवसाला साधारण सव्वा किलो कोरड्या वजनाचा चारा खातं. चांगलं बसलेलं कुरण हेक्टरी ३ टन कोरडं गवत देईल असं धरलं आणि त्यातलं निम्मं मुळासाठी, बियांसाठी, आडोशासाठी सोडलं, तर दीड टन उरतं. म्हणजे हेक्टरी वर्षाला १,२०० चितळ-दिवस, सरासरी तीन चितळं. गावठाण सोडून १८ हेक्टरांत साधारण ६०. एक हेक्टरचा हिरवा तुकडा करून त्यावर ६० चितळं आली, तर २० दिवसांत खाण्याजोगा वाटा साफ. छोटे-छोटे प्रयोग करायचे असतील तर त्यांना कुंपण लागतं. नाहीतर निदान सहा-सात हेक्टर एकाच पावसाळ्यात हाती घ्यावेत.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट समजते. वाघाला वर्षाला चितळाएवढ्या सुमारे ५० शिकारी लागतात, आणि कळप न घटता वर्षाला साधारण दहावा हिस्साच कमी होऊ शकतो. म्हणजे एका वाघामागे ५०० खूरवाली जनावरं. २० हेक्टरचं कुरण ६० चितळं पोसतं. त्याने वाघ वाढतील अशी अपेक्षा अहवालात लिहू नये. त्याने टंचाईच्या महिन्यांत कळप टिकतो आणि शेजारच्या गावांच्या पिकात जाणं थोडं कमी होऊ शकतं, एवढंच म्हणावं.

गवत उभं ठेवायचं की कापायचं

सगळं गवत एकदम कापणं आणि अजिबात न कापणं, दोन्हीने कुरण बिघडतं. ऑक्टोबरनंतर कुसळीला टोकदार कुसळं येतात, काडी निबर होते आणि चितळ तोंड लावत नाही. पण जमिनीत ओल असताना, सप्टेंबरच्या अखेरीस कापलेलं गवत पुन्हा फुटतं आणि डिसेंबरपर्यंत कोवळा चारा देतं. म्हणून दरवर्षी क्षेत्राचा एक तृतीयांश कापावा, जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर वर, आणि पुढच्या वर्षी दुसरा तृतीयांश. कापणी ब्रश कटरने. ट्रॅक्टरचा स्लॅशर ओल्या काळ्या जमिनीवर नेला तर चाकोऱ्या पडतात आणि त्या चाकोऱ्यांत पहिल्यांदा तरोटा येतो. बाहेरचं यंत्र आणलंच तर चाकं आणि पाती प्रकल्पाच्या सीमेवर धुऊन घ्यावीत.

उभे राहिलेले दोन तृतीयांश वाया गेलेले नसतात. पाडसं तिथे लपतात, लावे आणि तितर तिथे अंडी घालतात, बी तिथेच पिकतं. मध्य प्रदेशातल्या कान्ह्यात १९७० मध्ये बारशिंगे फक्त ६६ उरले होते. तिथे त्यांना वाचवताना उठून गेलेल्या गावांच्या जागी झालेली कुरणं कामी आली, आणि त्यांत पाडसांना लपायला उंच गवत असणं फार महत्त्वाचं ठरलं. हरणांचं कुरण म्हणजे हिरवळ नव्हे.

आगीबद्दल मतभेद आहेत. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, आणि त्याआधी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) पूर्ण व्हाव्या लागतात. कुरणातलं सगळं वाळलं गवत जाळून टाकावं असंही काही जण सांगतात. वारंवार जाळलेल्या जमिनीवर कुसळी वाढते, सुटलेली माती उघडी पडते आणि आपण घातलेलं पांघरूण राख होतं. पहिली चार वर्षं कुरण जाळू नये, त्याच्या कडेने जाळरेषा मात्र पक्की ठेवावी.

मोजायचं काय

२ × २ मीटरचे, माणसाच्या उंचीच्या जाळीचे दहा चौकोन वेगवेगळ्या शेतांत उभे करावेत आणि शेजारी तेवढेच चौकोन खुंट्या ठोकून उघडे ठेवावेत. ऑक्टोबरमध्ये प्रत्येकात १ चौरस मीटरची चौकट टाकून गवत कापायचं, जातीनुसार वेगळं करायचं, उन्हात वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं. चौरस मीटरला ३०० ग्रॅम म्हणजे हेक्टरी ३ टन. जाळीतलं आणि बाहेरचं यांतला फरक म्हणजे खाल्लेला चारा. जाळीत आणि बाहेर दोन्हीकडे तणच असेल तर दोष निंदणाचा आहे. जाळीत मारवेल भरघोस आणि बाहेर खुंटच असतील तर जनावरं जास्त आणि कुरण कमी. अशा वेळी बी वाढवून काही होत नाही, क्षेत्र वाढवावं लागतं किंवा शेजारच्या गावांची गुरं आत येत नाहीत ना, हे पाहावं लागतं. शेणाचे पो आणि लेंड्या यांतला फरक बीटवरच्या वनरक्षकाला लगेच सांगता येतो.

तिसऱ्या पावसाळ्यात निंदणाला पहिल्या वर्षाच्या चौथाईपेक्षा जास्त मजुरी लागू नये. लागत असेल तर दुसरी फेरी कुठेतरी चुकली आहे, आणि ती जागा जुन्या फोटोंवरून शोधता येते. चौथ्या वर्षी १४ हेक्टर शेतीत फक्त सप्टेंबरची एक फेरी, पळस-बोरीची रोपटी काढणं आणि तृतीयांश कापणी एवढं काम राहतं.

गावठाणाचे २ हेक्टर मात्र या वेळापत्रकात बसत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेणाने, राखेने तिथली माती इतकी सकस झालेली असते की गाजरगवत, एरंड आणि धोतरा तिथे हटता हटत नाहीत, आणि अंगणांची जमीन तुडवून इतकी कठीण झालेली असते की ठोंब धरत नाही. तिथे टिकावाने फक्त ठोंबापुरता खड्डा फोडावा आणि मारवेलाऐवजी हरळी लावावी, ती अशा जमिनीवर आडवी पसरते. निंदण पाच-सहा वर्षं चालू ठेवावं लागेल असं धरूनच पैशांची तरतूद करावी. देवस्थानाचा चौथरा आणि त्याभोवतीची झाडं जशीच्या तशी ठेवावीत. गावकरी वर्षातून एकदा पूजेला येतात, त्यांची वाट निंदून मोकळी ठेवणं हेही त्याच मजुरीत धरावं.